तुमच्या नावापुढे नंबर नव्हता

देविदासकाका,

तुमच्या तेरवीच्या पंगतीत शिट्ट्या वाजत होत्या. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं, कोणी पत्रावळीवर जास्तच वाकलं, की कानातली मशीन कुईंऽऽ करायची. मग शेजारचा दचकून, आपली तर नाही ना, म्हणून स्वतःच्या कानाला हात लावायचा. तुमचे धाकटे भाऊ पाण्याचा जग हातात घेऊन माझ्याजवळ येऊन थांबले. म्हणाले, "सुजाता, इतके बहिरे मानसं कुठून आले व?"

मी म्हटलं, "काकांच्या वहीतले आहेत."

त्यांना काही कळलं नाही. सांगत बसायची ती वेळ नव्हती. पण तिथं उभं राहून मला जे वाटलं ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे, म्हणून हे लिहिते आहे. मला रडू आलं नाही, काका. मला तुमचा अभिमान वाटला. हसूसुद्धा आलं.

बारावी सायन्स करून मी इंझोरीत घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. बाबांनी उभी उमर विहिरींच्या कामावर सुरुंग लावण्यात घालवली आणि त्या धमाक्यांनी त्यांचे दोन्ही कान नेले. त्यांच्या खिशातली वायरवाली मशीन बंद पडली, ती घेऊन मी मंगरूळपीरला तुमच्या दुकानात आले. पाटीवर वर घड्याळाचं चित्र, खाली कानाचं. 'घड्याळ दुरुस्ती. कान तपासणी व कानाच्या मशीन.' तुम्ही डोळ्याला भिंग लावून मशीन उघडली, आतली एक तुटकी तार डाग देऊन जोडली आणि मशीन परत दिली. मी विचारलं, "ही खिशात असते, मग आवाज कानात कसा जातो?"

तुम्ही भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "वीस वर्सापासून हे काम करून राह्यलो. लोक विचारते, सेल किती दिवस जाते. हे कोनी विचारलं नाही." आणि स्टूल पुढं सरकवलं.

त्या स्टुलावर मी दोन वर्षं बसले. मशीन कानात घट्ट बसावी म्हणून कानाचा साचा घ्यायला तिथंच शिकले. आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात सारायचा, मग पिचकारीनं तो गुलाबी लगदा भरायचा, आणि पाच मिनिटं माणसाला गप्प बसवायचं. "बोलला का साचा बिघडते," तुम्ही सांगायचे, आणि स्वतः मात्र त्या माणसाशी अखंड बोलत राहायचे. माणसाच्या डोक्याला हात कसा लावायचा, म्हातारीला न दुखवता कान कसा धरायचा, हे मी तुमच्या हातांकडे बघून शिकले. घड्याळाचे काटे उचलणारे हात होते ते. पुढं मोठमोठ्या ठिकाणी शिकलेल्या लोकांचे हात पाहिले, तसे हलके हात मला दिसले नाहीत.

एक दिवस कंपनीचा माणूस मशीनचे नवे नमुने दाखवायला आला आणि जाता जाता म्हणाला, "देविदासभाऊ, आता हे असं चालायचं नाही. कान तपासायचा तर डिग्री लागते, दिल्लीची नोंदणी लागते." तो गेल्यावर तुम्ही उघडलेलं घड्याळ बाजूला ठेवलंत. मग मला म्हणालात, "मी नववी नापास. मह्या हाती तो कागद नाही येत. तुह्या हाती येते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोटारसायकलवर इंझोरीला आलात. बाबांना काही ऐकू जाईना, आणि आई दारातून म्हणत होती, पोरगी चार वर्षं नागपूरला एकटी कशी राहील. तेव्हा तुम्ही बाबांच्या समोर खाली बसलात, त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या मशीनजवळ तोंड नेलं आणि खिशालाच सांगितलं, "पोरीले नागपूरले पाठवा. कान वाचवाचं शिक्शन हाय. तुमचे गेले, बाकीच्याइचे राहू द्या." बाबा हसले. मान हलवली. माझ्या आयुष्याचा निर्णय असा एका खिशात झाला.

तुम्हाला कळत होतं ना, काका, की मी शिकून आले की तुमचं काम तुमचं राहणार नाही? हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

नागपूरला मला पहिल्यांदा कळलं की कान म्हणजे केवढं मोठं प्रकरण आहे. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक सूर ऐकवायचे, ऐकू आला की माणसानं बोट वर करायचं. तक्त्यावर उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. एक कान तपासताना दुसऱ्यानं चोरून ऐकू नये म्हणून त्यात खरखर सोडायची. मी सुट्टीत येऊन हे सांगायचे आणि तुम्ही सगळं काम बाजूला ठेवून ऐकायचे. "म्हंजे मी आजलोक टाळी वाजवून पाहत होतो, त्यात चांगला कानच आयकत असन," तुम्ही म्हणाला होतात. स्वतःवरच हसला होतात.

पण दुसऱ्या वर्षीची दिवाळीची सुट्टी तशी गेली नाही. वाशिमजवळच्या मालेगावकडच्या एका खेड्यातल्या पार्वताबाई दुकानात आल्या. मशीन शिट्टी मारते आणि कान खाजतो, अशी त्यांची तक्रार होती. माझ्याकडे नवीनच घेतलेला, कानात बघायचा छोटा टॉर्च होता. मी वाकले आणि आधी वास आला. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात भोक दिसलं, त्यात पांढरे पापुद्रे. वर्गात चित्रात पाहिलं होतं तसंच. कान वाहत होता, आणि दोन वर्षांपासून त्यावर साचा दाबून बसवलेला होता. तुम्ही बसवलेला.

मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "यांना मशीन बंद करा. अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवा. लवकर."

तुमचा चेहरा उतरला. बाई गेल्यावर तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाइकापुढं माही इज्जत काढली तुनं. कान वाह्यते तं वाह्यते, कापूस लावला का थांबते. अर्ध्या गावाचे कान वाह्यते."

"ते हाड खातं, काका. मेंदूपर्यंत जातं."

"दीड वर्साचं शिक्शन झालं अन् मले शिकवून राह्यली काय?"

मी त्या सुट्टीत परत दुकानात आले नाही. तुम्हीही बोलावलं नाही. चूक एकट्या तुमची नव्हती. मशीन काढून ठेवलेल्या त्या बाईंना माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, मी त्यांना बाहेर गाठून स्वतः सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रुसून बसले. तो रुसवा मला अजून लागतो.

होळीच्या आधी हॉस्टेलच्या ताईंनी खालून हाक मारली की गावाकडचे कोणी आले आहेत. भेटायच्या खोलीत तुम्ही बसला होता. मांडीवर काकूंनी दिलेल्या धपाट्यांचा डबा. मी समोर बसले तरी तुम्ही डबा पुढं केला नाही.

"पार्वताबाईचं तोंड वाकडं झालं," तुम्ही म्हणालात. "मीच घेऊन गेलो अकोल्याले. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हने, अजून थांबले असते तं बाई गेली असती. जीव वाचला. तो कान गेला."

मी तुम्हाला पाण्याचा पेला दिला.

"तू खरं बोलली होती. मी आयकलं नाही." मग तुम्ही म्हणालात, "मले शिकव."

"काय शिकवू, काका?"

"कोन्या कानाले हात लावाचा नाही, ते."

त्या दिवशी संध्याकाळी चारची गाडी तुम्ही सोडून दिलीत. माझ्या वहीचं पान फाडून मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं: कान वाहत असेल, दुखत असेल, चक्कर येत असेल, एकाएकी बहिरेपण आलं असेल, एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, लेकरू बोलायला लागलं नसेल, तर मशीन नाही, आधी डॉक्टर. तुम्ही ते शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचलंत, दोनदा. मग डबा उघडलात.

मंगरूळपीरला गेल्यावर तुम्ही ते पान काउंटरच्या काचेखाली सारलंत आणि शिडी लावून पाटीवरचं 'कान तपासणी' रंगानं पुसून टाकलंत. हे मला तुमच्या शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्यांनी सांगितलं. तुम्ही नाही.

आणि मग ती वही काढलीत. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना मशीन बसवली त्यांची नावं आणि गावं तुम्ही एका जाड वहीत लिहून ठेवली होती. दर मंगळवारी दुकान बंद ठेवून तुम्ही त्या गावांना निघालात. माझी पदवी व्हायची तोवर तुम्ही लोकांना वाशिमच्या सरकारी दवाखान्यात नेत होता. मी शिकून तुमच्या दुकानात आल्यावर माझ्याकडे आणू लागलात. एका मंगळवारी मी तुमच्या मागं बसून आले होते. एका ओट्यावर बसलेला माणूस सगळ्या गल्लीसमोर तुमच्यावर ओरडला, "दहा वर्स झाले मशीन देऊन, अन् आता म्हनता का कान तपासलाच नव्हता? मंग तवा काय पाह्यलं तुमी?" तुम्ही हात जोडून उभे राहिलात. म्हणालात, "तवा मले येत नव्हतं, दादा. आता ह्या पोरीले येते. तिच्याकडे चाल." तो आला नाही. तुम्ही पुढच्या मंगळवारी परत गेलात. तिसऱ्या वेळी तो आला.

सगळंच काही रडण्यासारखं नव्हतं. ते शेलूचे गणपतआजोबा आठवतात? सहा वर्षं खिशात मशीन घेऊन फिरले. मी कानात पाहिलं तर दोन्हीकडे मळाचे दगड. डॉक्टरांनी काढले आणि आजोबांना ठणठणीत ऐकू येऊ लागलं. "मंग सहा वर्सं मी हे वायर लोंबवत कायले फिरलो बे?" ते तुम्हाला म्हणाले. तुम्ही पोट धरून हसलात. मग हसणं थांबलं आणि तुम्ही त्यांच्या पायांना हात लावलात.

पदवी झाली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, हेही तुम्ही माझ्याबरोबर शिकलात. गुणपत्रिका, वर्षभराच्या इंटर्नशिपचा दाखला, प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती, फोटो, सगळं दिल्लीला. तिथं केंद्राच्या नोंदवहीत नाव चढलं की नंबर मिळतो, आणि तो नंबर असेल त्यालाच कान तपासून मशीन बसवता येते. तुम्ही रोज पोस्टमनला विचारायचे. पाकीट आलं तेव्हा मी बाहेर होते. तुम्ही ते उघडलं नाहीत, घड्याळाच्या कपाटात कुलूप लावून ठेवलंत, आणि मी आल्यावर हात धुऊन मग माझ्या हातात दिलंत.

दुकानाच्या नव्या पाटीवरून आपलं मोठं भांडण झालं. मला दोघांची नावं हवी होती. तुमचं वर.

"मह्या नावापुढं नंबर नाही," तुम्ही म्हणालात.

"तुमच्यामुळं माझ्या नावापुढं आहे."

"थे पाटीवर लिहित नाही, पोरी. पाटी वाचून लोक कान पुढं करते. खोटी पाटी म्या लय दिवस लावली."

माझं नाव, पदवी आणि नोंदणीचा नंबर, एवढंच लिहिलं गेलं. तुम्ही मशीन साफ करायला, नळ्या बदलायला, म्हाताऱ्यांना सेल घालायला शिकवायला बसलात, त्याच जुन्या खुर्चीवर. कोणी जुन्या सवयीनं कान तुमच्यापुढं केला, की तुम्ही बोटानं माझी खोली दाखवायचे. पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं, त्यासाठी कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात हे ऐकून तुम्हाला कोण आनंद झाला! "म्हंजे लायसन भेटल्यावरही पेपर चालूच! हे बेस हाय. मले कोनी असं दर पाच वर्साले विचारलं असतं तं..." वाक्य तुम्ही पूर्ण केलं नाहीत. आणि मी अकोल्याला, नागपूरला कार्यशाळेला गेले की परत आल्यावर तुम्ही चहा मागवून माझ्याकडून सगळं वदवून घ्यायचे.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. पहिल्या वर्षी वर्गात नोंदणी नसताना मशीन विकणाऱ्यांचा विषय निघाला. सरांनी अशा दुकानांचे किस्से सांगितले आणि वर्ग हसला. मीही हसले, काका. पुढं साच्याच्या प्रात्यक्षिकात मॅडम माझ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "इतकी सफाई कुठून आली?" मी म्हटलं, "सराव केला, मॅडम." तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासमोर तुमची चूक एका दमात कबूल केलीत. माझी कबूल करायला मला तुमच्या जाण्यापर्यंत वेळ लागला. मागच्या महिन्यात त्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढं बोलायला मला बोलावलं होतं. तिथं मी तुमचं नाव घ्यायचं ठरवूनच गेले, आणि घेतलं. पार्वताबाईंसकट सगळं सांगितलं. परत येऊन तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही त्या आठवड्यात दवाखान्यात होता आणि मला वाटलं, तुम्ही घरी आलात की सांगू.

आणि एक वाद तर तसाच राहिला. काकूंचा. मी कितीदा म्हटलं, काकूंना कमी ऐकू येतं, तपासायला आणा. तुम्ही म्हणायचे, "थे नाही म्हनते. म्हने, मले काय झालं? जबरीनं कान तपासत नसते." मला तुमचा राग यायचा. साऱ्या जिल्ह्याला मशीन, आणि घरात नाही.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी काकू एकट्या दुकानात आल्या. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मले पाहून दे. ते गेले तईपासून मले घरातलं काहीच समजत नाही. सून काय म्हनते, नातू काय म्हनते, सारे तोंडातल्या तोंडात बोलते. त्याइचं मात्र मले सारं समजे."

मग मला उमगलं. तुम्ही काकूंना कधी मागून हाक मारली नाहीत. समोर जाऊन, खांद्याला हात लावून, उजेडात तोंड करून, सावकाश बोलायचे. मला वाटायचं ती तुमची पद्धतच आहे. तुम्ही इतकं बेमालूम केलंत, की त्या माउलीला आपण बहिऱ्या झालो आहोत हेच कळलं नाही. बरोबर केलंत की चूक, यावर मी तुमच्याशी भांडले असते. अजूनही भांडेन. पण तपासणीच्या खोलीचं दार लावून मी आधी दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

दोन्ही कान चांगलेच कमी निघाले. वाहत नाहीत, दुखत नाहीत, चक्कर नाही. सगळं विचारून घेतलं, पडदेही नीट पाहिले. मी दोन्हीकडं मशीन लावून पाहिल्या, आवाज हळूहळू वाढवला आणि मुद्दाम त्यांच्या मागं जाऊन विचारलं, "काकू, ऐकू येतं का?"

त्या वळल्या. "तुहा आवाज इतका बारीक हाय व्हय?"

मग कितीतरी वेळ त्या पंख्याकडं, दाराकडं, रस्त्याकडं पाहत बसल्या. आणि एकदम म्हणाल्या, "त्याइचा कसा होता व? आवाज?"

तुम्ही खेड्यांतून मला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायचे, टाइप करायचा तुम्हाला कंटाळा होता. ते सगळे माझ्याकडे आहेत. मी हाताला लागला तो लावला. मागच्या पोळ्याच्या आसपासचा होता. "सुजाता, उद्या अकराच्या गाडीनं दोन मानसं येऊन राह्यले. एकाचा डावा कान दुखते, त्याले मशीन दाखवू नोको, आधी डॉक्टर. अन् चहा पाज त्याइले, लंबून येते."

काकू हनुवटीखाली हात धरून ऐकत होत्या. संपलं तरी तशाच राहिल्या.

"घसा बसला होता त्याइचा," त्या म्हणाल्या. "मले सांगतलं नाही."

"पाऊस लागला होता त्या दिवशी."

"काढा करून देला असता मी." पदरानं त्यांनी डोळे पुसले, कानातली मशीन हलू नये म्हणून अगदी जपून. मग मोबाइलकडं बोट करून विचारलं, "अजून हाये काय?"

"आहेत काकू. लय आहेत."

त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि दुसरा लावला.